प्रायॉरिटी बूस्टच्या वाटेला जाऊ नकोस

सीपीयू शंभर टक्क्यांवर गेला की साहेब मंडळी तुझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहतील. त्या घाईत एसक्यूएल सर्व्हरमधला ‘प्रायॉरिटी बूस्ट’ तुला खुणावेल. तो चालू केला की विंडोजच्या हिशेबात सर्व्हरची प्रायॉरिटी ७ वरून १३ होते. पण त्या मशीनवर एकटा डेटाबेसच चालत असेल, तर पुढे घुसायचं तरी कुणाच्या? मागे पडतं ते विंडोजचं आणि नेटवर्कचं काम. क्लस्टरवर तर हे नकोच.

आतली रांग एसक्यूएल सर्व्हर स्वतः लावतो. प्रत्येक थ्रेडला ४ मिलिसेकंद मिळतात, मग त्याने आपणहून जागा सोडायची. म्हणून आधी शेड्युलरची स्थिती दाखवणाऱ्या डीएमव्हीत ‘रनेबल’ टास्क, म्हणजे सीपीयूची वाट बघणारी कामं, किती ते बघ. आकडा सतत शून्याच्या वर असेल तर सीपीयू खरंच कमी पडतोय. आणि तेव्हाही बहुतेकदा दोषी निघते ती इंडेक्स नसलेली एखादी क्वेरी. विंडोजचा पॉवर प्लॅन ‘बॅलन्स्ड’वर राहिलाय का, तेही बघून घे. हसू नकोस, महागडे प्रोसेसर त्यापायी कमी वेगाने रखडतात.

एक क्वेरी अनेक कोअरवर वाटायची की नाही हे ठरवणारा पॅरललिझमचा कॉस्ट थ्रेशोल्ड मुळात ५ असतो. तो नव्वदच्या दशकातल्या मशीनच्या मापाचा आहे. मी ५० पासून सुरुवात करतो, मग वेट, म्हणजे थ्रेड कशासाठी थांबलेत ते, बघून हलवतो. मॅक्सडॉप, म्हणजे एका क्वेरीला एकाच वेळी मिळणाऱ्या कोअरची मर्यादा, शून्यावर सोडू नकोस. ८ पेक्षा जास्त कोअर असले तरी साधारण ८ वर थांब.

आता जपायची गोष्ट. कधी सीपीयू निवांत असतो, तरी कुणालाच लॉगिन होत नाही. एकाने लॉक धरून ठेवलेला असतो, बाकीचे त्याच्यामागे अडकतात आणि वर्कर थ्रेड संपतात. ८ कोअरच्या ६४ बिट मशीनवर ते मुळात ५७६ असतात. वेट दिसतो ‘थ्रेडपूल’. मॅक्स वर्कर थ्रेड्स वाढवलेस तर अडकणाऱ्यांची संख्या तेवढी वाढेल. लॉक धरणारा शोधून काढ. पण शोधायला आत शिरायचं कसं? त्यासाठी डॅक, म्हणजे अ‍ॅडमिनसाठी राखलेलं कनेक्शन. त्याचा शेड्युलर वेगळा असतो. दुसऱ्या मशीनवरून ते वापरायची परवानगी मात्र आधीच चालू करून ठेव. आग लागल्यावर विहीर खणता येत नाही.

रिपोर्टवाल्यांना आवरायला रिसोर्स गव्हर्नर चांगला. त्यातलं ‘मॅक्स सीपीयू’ फक्त ओढाताण असतानाच लागू होतं. सीपीयू रिकामा असेल तर रिपोर्ट तो सगळा खाऊ शकतो. पक्की मर्यादा हवी असेल तर २०१२ पासून आलेलं ‘कॅप सीपीयू’ वापर. कोणतं लॉगिन कुठल्या गटात जाईल ते ठरवणारं क्लासिफायर फंक्शन अगदी छोटं लिही, कारण ते प्रत्येक लॉगिनला चालतं. तेच अडकलं तर सगळे दाराबाहेर राहतील. डॅकला मात्र ते लागू होत नाही.