अनुपान-सिद्धांत आणि मादिराँची लाल वाइन

अनुपान आहाराच्या गुणांना विपरीत असावे, परंतु धातूंना विरोधी नसावे, हे चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सत्ताविसाव्या अध्यायाचे मार्गदर्शन आपण सर्वांनी अभ्यासले आहे. व्यवहारात मात्र त्यातील पहिले अंगच स्मरणात राहते. आमच्याकडे आलेल्या एका मेदोरोगी गृहस्थांनी ‘हृदयासाठी उत्तम’ म्हणून रोज रात्री लाल वाइन सुरू केली होती. त्यांचे यकृत आधीच दूषित होते. त्या निमित्ताने आम्ही या विषयाचा विचार केला.

द्रव्यपरिचय

मादिराँ हे नाव मदिरेसारखे भासले तरी ते नैऋत्य फ्रान्समधील एका गावाचे आहे. गास्कनी प्रांतात, आदूर नदीच्या परिसरात तयार होणाऱ्या या वाइनच्या प्रदेशनामाला १९४८ साली कायदेशीर मान्यता मिळाली. ‘ताना’ ही तिची प्रमुख द्राक्षजाती. या द्राक्षाची साल व बिया टॅनिनने समृद्ध असल्याने वाइन गडद, जोरकस व अत्यंत तुरट होते. नव्या वाइनचा हा तुरटपणा सौम्य करण्यासाठी तिच्यात सूक्ष्म प्रमाणात प्राणवायू सोडण्याची पद्धत १९९० च्या दशकाच्या आरंभी येथेच पात्रिक द्युकूर्नो यांनी विकसित केली.

विपरीत गुणांची संगती

टॅनिन लाळेतील प्रथिनांना बांधून टाकते, त्यामुळे जिव्हेचा ओलावा व स्निग्धता कमी होते. कषाय रसाने जिव्हेला स्तंभ व जाड्य येते आणि कंठ बांधल्यासारखा वाटतो, असे जे आपण शिकवतो, त्याचेच हे प्रत्यक्ष रूप होय.

आता त्या प्रांताचे भोजन पाहावे. मीठ लावून मुरवलेली बदकाची तंगडी त्याच्याच चरबीत मंद आचेवर शिजवतात. तिला ‘कोंफी’ म्हणतात. ‘कासुले’ या पदार्थात पांढऱ्या घेवड्याचे दाणे, कोंफी आणि सॉसेज एकत्र तासन्‌तास शिजतात. ‘गार्ब्यूर’ हे कोबी, घेवडा व मांस यांचे दाट सूप. याखेरीज मेंढीच्या दुधाचे ओसो-इराती चीज असते. हा सर्व आहार गुरू व बहुतांशी स्निग्ध. चरबी तोंडास पुन्हा ओलावा देते, मांसातील प्रथिने टॅनिनला गुंतवतात. वाइनचा तुरटपणा निवळतो आणि तोंडातील तेलकटपणाही जातो. रूक्ष-कषाय आणि स्निग्ध-गुरू परस्परांस आवर घालतात.

उलटपक्षी, वाफवलेल्या माशासोबत हीच वाइन धातूसारखी चव देते, गोड पदार्थासोबत कडवट लागते, तर झणझणीत रश्शासोबत तोंडाची आग वाढवते.

धातूंना अविरोधी आहे काय?

येथवर सिद्धांताचे पहिले अंग पूर्ण झाले. परंतु रुचीला अनुकूल ते धातूंनाही हितकर, असा निष्कर्ष यातून निघत नाही. मद्याचे दहा गुण ओजाच्या दहा गुणांना विपरीत असल्याचे चिकित्सास्थानातील मदात्यय प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे.

१९९२ साली सर्ज रेनो व सहकाऱ्याने ‘लॅन्सेट’मध्ये फ्रेंच लोकांतील अल्प हृद्रोगाचा संबंध वाइनशी जोडला. २००६ साली ‘नेचर’मधील शोधनिबंधात नैऋत्य फ्रान्सच्या वाइनमध्ये प्रोसायनिडिन अधिक असल्याचे आढळले. या वार्तांनी लाल वाइनला औषधाची प्रतिष्ठा दिली. परंतु मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले.

व्यवहारातील सूचना

१) द्राक्षारिष्ट व वाइन एक नव्हेत, हे औषधालयात ग्राहकास अवश्य सांगावे. १० टक्के मद्यांश धरला तरी २० मि.लि. अरिष्टात २ मि.लि. मद्य असते; १३ टक्के मद्यांशाच्या १५० मि.लि. वाइनमध्ये ते सुमारे १९.५ मि.लि. भरते.

२) रुग्णास मद्यपानाविषयी संकोच न करता विचारावे. यकृतविकार, गर्भावस्था, तसेच वॉरफरिन, मेट्रोनिडॅझोल, झोपेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना विशेष दक्षता घ्यावी.

३) न पिणाऱ्यास ‘हृदयासाठी’ म्हणून वाइन कधीही सुचवू नये.

आमच्या त्या रुग्णास आम्ही वाइन बंद करावयास सांगितले. मादिराँचे भोजन हा गुणविचाराचा सुंदर पाठ आहे. तो चिकित्सेचा योग नव्हे. अनुपान ठरवताना ‘विपरीत’ या शब्दाशी न थांबता ‘अविरोधी’ या शब्दापर्यंत जाणे, हेच वैद्याचे कर्तव्य होय.