उभे राहिलो नि पडलो

तारकर्लीच्या खाडीत आम्ही दोघे कयाक चालवायला शिकलो. कयाक म्हणजे हलकी, अरुंद होडी. उत्तर ध्रुवाकडचे इन्युइट लोक ती शिकारीसाठी बनवीत.

तरंगते जाकीट घालायची आम्हांला लाज वाटली. तरी घातले.

आधी दोघांनीही उजवीकडेच वल्हे मारले. होडी डावीकडे गरगर फिरली.

"अहो, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे मारा," शिकवणारे दादा म्हणाले.

होडी सरळ चालली. काठ दिसताच आम्ही घाईने उभे राहिलो. बसले की भार खाली राहतो. उभे राहिले की वर जातो. होडी कलंडली. आम्ही पाण्यात!

पोहता येत नव्हते. जाकिटाने वर धरले.

"होडी सोडू नका!" दादा ओरडले. उलटी होडीसुद्धा तरंगत होती. तिला धरून काठाला लागलो.

आधी जाकिटाचे बंद बांधा. मग वल्हे उचला.