आंतरराष्ट्रीय संबंधांचे ऑनलाइन पदव्युत्तर शिक्षण

१९१९ साली वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे आंतरराष्ट्रीय राजकारणाचे पहिले अध्यासन स्थापन झाले. हा विषय आता पदव्युत्तर स्तरावर, नोकरी सांभाळून, ऑनलाइन शिकता येतो. संयुक्त राष्ट्रांची १९४५ ची सनद किंवा १९५४ चा पंचशील करार मुळातून वाचण्याची शिस्त मात्र विद्यार्थ्याने स्वतःच लावून घेतली पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनुसार मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी नियमित पदवीशी समकक्ष ठरते. तथापि संस्थेचे केवळ नाव पुरेसे नाही. शुल्क भरण्यापूर्वी संस्था, अभ्यासक्रम व प्रवेशसत्र या तिन्ही बाबी आयोगाच्या यादीत पडताळून पाहणे इष्ट. अन्यथा दोन वर्षांचे श्रम व पैसा खर्चूनही पदोन्नतीच्या वेळी पदवी अमान्य ठरण्याचा संभव असतो.