एका मोठ्या मूळ संख्येची पारख

बुद्धिबळाच्या पटावरील पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, याप्रमाणे दुप्पट करीत गेल्यास पहिल्या एकतीस घरांत मिळून २,१४,७४,८३,६४७ दाणे होतात. हा ढीग अनेकांत सारखा वाटावयाचा म्हटल्यास, प्रत्येकास एकेक दाणा देण्याखेरीज, काही दाणे उरल्यावाचून राहात नाहीत. कारण ही मूळ संख्या होय. एक आणि ती स्वतः यांवाचून तिला भाजक नाही.

दोनास दोनाने गुणीत एकतिसावा घात काढावा व त्यातून एक वजा करावा, की ही संख्या मिळते. घातांक मूळ असला म्हणजे अशी संख्याही मूळच असणार, असे वाटणे साहजिक आहे. परंतु अकराव्या घातातून एक वजा केल्यास २०४७ येतात, आणि ते २३ गुणिले ८९ आहेत. फ्रान्समधील धर्मोपदेशक मेर्सेन यांनी १६४४ मध्ये अशा घातांकांची यादी दिली. तीत ३१ बरोबर ठरला, ६७ मात्र चुकीचा निघाला.

मग ३१ ची खात्री कशी पटली? रूढ रीतीने ४६,३४० पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहावे लागते, आणि अशा मूळ संख्या साडेचार हजारांहून अधिक आहेत. येथे वरील २३ व ८९ पुन्हा पाहावेत. अकराची दुप्पट बावीस. दोहोंनाही बाविसाने भागल्यास बाकी एक उरते. आठाने भागल्यास बाकी अनुक्रमे सात व एक. हा योगायोग नव्हे, नियम आहे. त्यानुसार आपल्या संख्येचा भाजक असलाच, तर त्यास बासष्टाने भागता बाकी एक आणि आठाने भागता बाकी एक किंवा सात यावयास हवी. म्हणजेच २४८ ने भागता बाकी १ किंवा ६३. एक सोडून अशा संख्या ४६,३४० पर्यंत केवळ ३७३ आहेत, आणि त्यांतील मूळ संख्या शंभरही भरत नाहीत. सेंट पीटर्सबर्ग येथे दृष्टी जवळजवळ गेलेल्या ऑयलर यांनी याच विचारसरणीने १७७२ मध्ये निर्णय दिला. शिक्षकांनी २०४७ चे उदाहरण फळ्यावर अवश्य करून दाखवावे. मोठ्या संख्येपेक्षा ते अधिक शिकवून जाते.

कार्यालयांशीही या संख्येचा संबंध आहे, जरी तो तिच्या मूळपणामुळे नसला तरी. अनेक जुन्या संगणक-व्यवस्था १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून वेळ ठेवतात, आणि त्यासाठी राखलेल्या बत्तीस स्थानांपैकी एक चिन्हाकडे जाते. उरलेल्या एकतीस स्थानांत मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच. १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी ती गाठली जाईल. पुढच्याच सेकंदास अशी यंत्रे १९०१ सालचा डिसेंबर दाखवू लागतील. वीस वर्षांच्या कर्जाची मुदत आजच त्या सकाळीपलीकडे जाते, तेव्हा अशा नोंदी ठेवणाऱ्यांनी आपली व्यवस्था आताच तपासून घेणे इष्ट.