मूलपेशींचे इंजेक्शन आणि विकायला काढलेली जमीन

गेल्या महिन्यात एक गृहस्थ आपल्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आले. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, मूल अजून चालत नाही. कमरेच्या हाडातली मज्जा काढून तिच्यातल्या ‘मूलपेशी’ मणक्यात टोचतो, मूल सुधारेल, असे शहरात कोणी त्यांना सांगितले होते. ‘एक एकर विकायला काढलंय, डॉक्टर. जाऊ का?’

त्यांना सांगितले तेच लिहितो.

गर्भ पाच-सहा दिवसांचा असताना त्याच्या आतल्या पेशींपासून शरीरातली कोणतीही पेशी होऊ शकते. या भ्रूण-मूलपेशी. पुढे एकीची कातडी होते, दुसरीची मज्जातंतू. गंमत अशी की, दोघींतली जनुके तीच! फरक पडतो तो कोणती वाचली जातात यात. पेशीतला डीएनएचा सुमारे दोन मीटरचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. गुंडाळी सैल तिथली जनुके चालू, घट्ट तिथली गप्प. शिवाय धाग्यावर मिथाइलच्या बारीक रासायनिक खुणा बसतात; त्या बहुधा जनुक बंद ठेवतात. भ्रूण-मूलपेशीत ‘ऑक्ट-४’ हे जनुक चालू असते. पेशीने एक वाट धरली की त्यालाही कुलूप लागते, आणि पेशी दुभंगली तरी ही कुलपे पुढच्या पेशीत जातात. म्हणून यकृताच्या पेशीपासून यकृताचीच पेशी होते.

कुलपे उघडत नाहीत असे नाही. जपानचे यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या पेशींत चार जनुके घालून त्या पुन्हा मूलपेशींसारख्या केल्या. २०१२ साली त्यांना नोबेल मिळाले. पण हे काम प्रयोगशाळेतले, आठवडे खाणारे. अशी मोकळी पेशी तशीच शरीरात गेली तर गाठ होऊ शकते. त्या गाठीत केस, दातसुद्धा सापडतात!

मज्जेतल्या रक्ताच्या मूलपेशी रक्ताच्या वाटेला लागलेल्या असतात. मणक्यात टोचल्याने त्यांची कुलपे उघडत नाहीत, मेंदू तयार होत नाही. रक्ताचा कर्करोग, थॅलॅसेमिया यांत त्यांचा खरा उपयोग होतो, कारण तिथे रक्तच हवे असते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा आजारांखेरीज इतरत्र मूलपेशी नोंदणीकृत चाचणीतच देता येतात, आणि तिथे रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. कोणी पैसे मागितले तर चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारावा.

गृहस्थ बराच वेळ गप्प होते. मी मुलाच्या टाचा तपासल्या. पोटऱ्या आखडत चालल्या होत्या. ताण देण्याचे व्यायाम आईला शिकवले, जिल्हा रुग्णालयातल्या फिजिओथेरपी विभागाची चिठ्ठी दिली. जमीन अजून त्यांच्याच नावावर आहे.