पेशवाईतलं पिस्तूल की १९१७ चं रिव्हॉल्व्हर? : जुन्या वस्तूचं वय आणि मोल



सातवीच्या इतिहासातला पहिला पाठ म्हणजे ‘इतिहासाची साधने’. भौतिक, लिखित आणि मौखिक हे तीन प्रकार मुलं पाठ करतात आणि परीक्षेत लिहितात. पण समोर आलेल्या वस्तूला हे तिन्ही प्रकार लावून बघायचे असतात, हे राहूनच जातं. यंदा माझ्या वर्गात ते करायची संधी अचानक आली.

घरात जुनं काय आहे, असं मी विचारलं. कुणी पितळी समई सांगितली, कुणी जातं. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, “मॅडम, आमच्याकडं पेशवाईतलं पिस्तूल आहे. सहा गोळ्यांचं. पेशव्यांनी बक्षीस दिलेलं.” वर्ग एकदम शांत झाला. मी आधी एवढंच सांगितलं, “ते शाळेत आणायचं नाही. हातही लावायचा नाही. मी संध्याकाळी घरी येते.”

आधी सुरक्षितता, मग इतिहास

घरी गेल्यावर कळलं की रिव्हॉल्व्हर आजोबांच्या परवान्यावर होतं आणि आजोबा मागच्या वर्षी वारले. तेव्हापासून ते ट्रंकेत तसंच पडून होतं. मुलीचं लग्न तोंडावर आलेलं. एकाने ‘जुनं आहे, गुपचूप पाच हजाराला घेतो’ असं सांगितलेलं. वडील विचारात पडले होते.

पालकांनी इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. परवानाधारक वारल्यावर ते हत्यार घरात ठेवणं कायदेशीर राहत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ नुसार ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. वारसाला स्वतःच्या नावाने परवाना मागता येतो. परवाना नसलेल्या माणसाला गुपचूप विकणं हा सरळ गुन्हा आहे. ‘शंभर वर्षांचं आहे, म्हणजे चालतं’ हाही गैरसमजच. सूट मिळते ती कालबाह्य किंवा नादुरुस्त आणि दुरुस्त करूनही चालणार नाही अशा हत्याराला.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी ठाण्यात फोन करून विचारलं आणि रिव्हॉल्व्हर रीतसर जमा केलं. जमा पावतीची प्रत आणि ठाण्यातल्यांना विचारून काढलेले चार फोटो एवढ्यावर माझा पाठ झाला.

कृती १ : वय शोधा

फळ्यावर मी दोन वर्षं लिहिली. पेशवाई संपली १८१८ मध्ये. सॅम्युअल कोल्टला फिरत्या सिलिंडरच्या हत्याराचं अमेरिकेतलं पेटंट मिळालं १८३६ मध्ये. मग विचारलं, “सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर पेशव्यांनी दिलं असेल का?” वजाबाकी करायच्या आधीच मुली ओरडल्या, “नाही!”

ही पहिली पायरी आहे. वस्तू किती जुनी आहे हे शोधण्याआधी, ती किती जुनी असूच शकत नाही हे ठरवायचं.

दुसरी पायरी म्हणजे ठसे वाचणं. फोटोत सांगाड्यावर ‘वेब्ली’, ‘मार्क ६’ आणि १९१७ असं दिसत होतं. वेब्ली ही बर्मिंगहॅमची कंपनी. तिचं मार्क ६ हे मॉडेल ब्रिटिश सैन्याने १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धात स्वीकारलं. म्हणजे मॉडेल आणि साल जुळलं. जवळच बाणाचा ठसा होता, ती ब्रिटिश सरकारी मालाची खूण. असे दोन बाण टोकाला टोक लावून असतील, तर सरकारने वस्तू सेवेतून काढून विकली असा अर्थ होतो. फोटोत नेमके तसेच दोन बाण होते.

तिसरी पायरी गणिताची. पावतीवर बोअर .४५५ इंच लिहिलेला. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. मुलांनी गुणाकार करून ११.५५७ मिलिमीटर उत्तर काढलं. दशांश अपूर्णांकाचा सराव आपोआप झाला!

आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण

विजापूरची ‘मलिक-ए-मैदान’ तोफ आपल्या अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) ओतली गेली. तिच्यावरचा लेख १५४९ सालचा आहे. पण १६८६ मध्ये विजापूर जिंकल्यावर औरंगजेबानेही तिच्यावर आपला लेख कोरवला. फक्त तोच वाचला, तर तोफेचं वय १३७ वर्षांनी चुकेल. म्हणून मुलांना सांगावं, एक तारीख सापडली की थांबू नका. सगळीकडून बघा.

कृती २ : मोल ठरवा

किंमत कशावर ठरते याची यादी मुलांकडून करून घेतली. मी भर घातली ती अशी :

१. सगळे भाग मूळचे आहेत का? वेगवेगळ्या भागांवरचे क्रमांक जुळतात का?
२. मूळचा रंग, झळाळी टिकली आहे का? घासूनपुसून चकचकीत केलेल्या वस्तूवरचे ठसे झिजतात आणि मोल कमी होतं. जुन्या नाण्यांनाही हाच नियम.
३. त्या मॉडेलच्या वस्तू किती बनल्या? महायुद्धात अशी रिव्हॉल्व्हरं मोठ्या संख्येने बनली, त्यामुळे केवळ जुनं म्हणून ते दुर्मिळ ठरत नाही.
४. वस्तू कुणाकडून कुणाकडे गेली, याचे कागद आहेत का?

बाजारभाव आणि मोल एकच नसतं, हे सांगायला परत तोफच कामी आली. १८५४ मध्ये मलिक-ए-मैदान लिलावात काढली, तेव्हा बोली लागली फक्त १५० रुपयांची! सुदैवाने विक्री रद्द झाली. दीडशे रुपये ही त्या दिवसाची किंमत होती, तोफेचं मोल नव्हतं.

आजीचा प्रश्न

निकाल सांगायला मी पुन्हा त्या घरी गेले. आजी गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “म्हंजी बाई, ह्यांनी जन्मभर खोटंच सांगितलं का?”

हा प्रश्न मला वर्गात कुणी विचारला नव्हता. मी ट्रंकेतलं परवान्याचं जुनं पुस्तक मागितलं. त्यात आजोबांच्या आधी पणजोबांचं नाव होतं. म्हटलं, “आजी, खोटं नाही. त्यांनी ऐकलं तेच सांगितलं. तोंडोतोंडी गोष्ट मोठी होत जाते. पण दोन पिढ्यांनी ही वस्तू परवान्याने, जबाबदारीने सांभाळली, हे कागदावर लिहिलंय. हे पुस्तक मात्र जपून ठेवा.” आजींनी ते पुस्तक पदराने पुसून देवघरात ठेवलं.

नातवाने वहीत लिहिलं : भौतिक साधन – रिव्हॉल्व्हर, लिखित साधन – परवाना व पावती, मौखिक साधन – आजी. या उत्तराला मी पैकीच्या पैकी गुण दिले.

घरचा अभ्यास

हत्यार सोडून घरातली कोणतीही जुनी वस्तू निवडा : तांब्या, घड्याळ, नाणं, रेडिओ. घरातले तिच्याबद्दल काय सांगतात ते आधी लिहा. मग तिच्यावरचे ठसे, अक्षरं, आकडे टिपा. कागद असेल तर जोडा. तिन्ही गोष्टी जुळतात का ते बघा. नाही जुळल्या, तर का नाही, हे मोठ्यांना विचारा. पालकांनी उत्तर तयार करून देऊ नये, मुलांबरोबर शोधावं.