तिथी पाहून निघा

मुरगूडच्या शिवारातून वाहणारी वेदगंगा दूधगंगेला आणि पुढे कृष्णेला मिळून आपले पाणी पूर्वसमुद्राकडे नेते. परंतु गावातून जाणारा निपाणी–देवगड रस्ता मुदाळ तिट्टा, राधानगरी, दाजीपूर करीत फोंडा घाट उतरतो आणि प्रवाशाला पश्चिमसमुद्राच्या बंदरावर नेऊन सोडतो. ज्या दांपत्याला चार दिवस बंदरामागून बंदर पाहत हिंडावयाचे आहे, त्याने याच रस्त्याने निघावे.

पूर्वी भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या आगबोटी विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत जात, आणि बोट खोल पाण्यात थांबली म्हणजे उतारूंना पडावातून किनाऱ्यास आणीत. ती सेवा इतिहासजमा झाली. तेव्हा एका बंदराहून दुसऱ्यास मोटारीने जावे आणि मुक्कामी खाडी व किल्ला तेवढा होडीतून पाहावा. विजयदुर्गास वाघोटनच्या मुखाशी, मालवणास धक्क्यावरून १६६४ मध्ये पाया घातलेल्या सिंधुदुर्गाकडे, देवबागेस कर्लीच्या खाडीत, असा क्रम ठेवावा.

आम्ही उभयतां पहिल्या खेपेस केवळ रविवार पाहून निघालो. त्या दिवशी अमावास्या होती. माध्यान्हीच्या सुमारास भरती पुरी होऊन उधाणाचे पाणी वेगाने ओसरू लागले होते, आणि समोरून दुपारचा खारा वारा चढला होता. बाहेर धावणारी ओहोटी व आत येणाऱ्या लाटा यांची देवबागेच्या मुखाशी गाठ पडताच पाणी असे उभे राहू लागले की, पत्नीने होडीची फळी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि तांडेलाने एक शब्दही न बोलता होडी फिरवली. त्या दिवसापासून आमच्या घरी प्रवासाची तारीख पंचांगातून निघते.

हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ठोकळमानाने येते : चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, एकादशीस सव्वाआठ. हे गणित मुंबईकडचे. मालवणास पाणी थोडे अलीकडे चढते, म्हणून आदल्या सायंकाळी धक्क्यावर विचारून घ्यावे. माझे मत विचाराल तर एकादशी उत्तम. भांगाचे दिवस नुकतेच सरत असल्याने प्रवाहास फारसा जोर नसतो, सकाळी खाडी तुडुंब भरते आणि पहाटेचा मतलई वारा समुद्र शांत ठेवतो. सातास निघून चढत्या पाण्याबरोबर आत जावे, ओहोटी लागताच परतावे, आणि अकरानंतर पाण्यावर राहू नये.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात समुद्राचे नावही काढू नये. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट काश्याच्या खडकाजवळ बुडून सहाशेंहून अधिक माणसे गेली, हे या किनाऱ्यावरची घरे अद्याप विसरलेली नाहीत. सोबत पाणी, टोपी, सुका खाऊ आणि मळमळीवर वैद्याने सांगितलेली गोळी असावी. जीवरक्षक जाकीट उकाडा सोसूनही अंगावर बांधावे. ते नुसते शेजारी ठेवण्याने काहीच साधत नाही.

आणि बाबांनो, तांडेल 'आज नको' म्हणाला, तर दुसरा तांडेल शोधू नका.